ऋणनिर्देशाचं पान

३ मार्च, सोमवार

विद्यापीठाच्या मोठ्या फाटकावर आज नोटीस लागली. बातमी दुप्पटने आणली. दुप्पट म्हणजे शेजारचा झेरॉक्सवाला. एकाचे दोन करतो म्हणून विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव; आता त्याची बायकोही त्याच नावाने हाक मारते. म्हणाला, "आटोपलं, बाइंडर. तीस एप्रिलनंतर कागदावरचा प्रबंध घेणार नाहीत. नुसती फाइल पाठवायची. तुम्ही आणि मी, दोघांनी आता जोडीने माश्या मारायच्या."

मी जाऊन नोटीस स्वतः वाचली. दोनदा वाचली. बावीस वर्षं या गल्लीत प्रबंधच बांधतो आहे. लग्नपत्रिका नाही, हिशोबाच्या वह्या नाहीत, फक्त प्रबंध. विद्यापीठात एकदाही शिकलो नाही, पण तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्या निम्म्या लोकांची नावं मी या हातांनी सोनेरी अक्षरांत उठवली आहेत.

वाईट वाटलंच. पण खरी काळजी दुकानाची नाही. छकीची आहे. माझी एकुलती एक मुलगी साडेचार वर्षं प्रबंध लिहिते आहे. तो तीस एप्रिलच्या आत पुरा झाला तरच माझ्या हातून बांधला जाईल. सकाळी हात जोडले तेव्हा एवढंच मागितलं. माझ्या दुकानातून शेवटचं पुस्तक तिचं जावं.

ही वही मीच बांधलेली, तिच्यासाठी. तिने वापरली नाही. रोज काही लिहीन असं नाही, पण या दोन महिन्यांची नोंद असावी असं वाटलं.

६ मार्च, गुरुवार

आज छकीला पानं विचारली. पाठीची जाडी पानांवर ठरते, म्हणून बाइंडरला आकडा आधी लागतो.

"किती झाली गं?"

"होतील दोनशे चाळीस."

"मागच्या खोलीतल्या पसाऱ्यावरून तर तीनशे वाटली होती."

"कमी केली बाबा. फाफटपसारा होता."

तिने विद्यापीठात नाव नोंदवलं त्या वर्षीच मी तिचं कव्हर करून ठेवलं आहे. गडद निळं रेक्झिन, त्यावर तिचं पूर्ण नाव. दुकानाच्या काचेत नमुना म्हणून उभं केलेलं असतं. गिऱ्हाईक आलं की विचारतं, आणि मी सांगतो. पाठ तीनशे पानांची आहे, तेव्हा दोनशे चाळीस त्यात सैल बसतील. तसं म्हणालो तर म्हणाली, "मग ते काढून ठेवा ना आतमध्ये. धूळ खातं." मी म्हणालो, रोज पुसतो की. पोरगी भिडस्त आहे, आईवर गेली नाही.

आज एका मुलीचा प्रबंध आला. बांधणाऱ्याने वाचू नये, असं माझ्या वस्तादांनी शिकवलं होतं. वाचायला लागलं की हात मंदावतो. पानं मोजायची, क्रम बघायचा, बस. मी ते पाळलं आहे. फक्त ऋणनिर्देशाचं पान वाचतो. त्यात विद्या नसते, माणसं असतात. या मुलीने लिहिलं होतं, "माझे वडील पान कधी थुंकी लावून उलटत नाहीत. कागदालाही मान असतो, असं ते म्हणतात." तिच्या वडिलांचं वाणसामानाचं दुकान आहे. वाण्याच्या घरीही हा नियम असतो हे वाचून बरं वाटलं. मला वाटायचं, मी एकटाच असा वेडा.

१६ मार्च, रविवार

रविवारी आमच्या भागाचं रूप पालटतं. विद्यार्थी झोपलेले असतात आणि शहरातून माणसं बघायला येतात. घड्याळाचा मनोरा, दगडी सभागृह, वस्तुसंग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा, मागची बाग. बाप पोराला खांद्यावर घेऊन सांगतो, "हे बघ, इथे शिकायचं तुला." पोराचं लक्ष फुग्यांकडे. जुन्या पुस्तकांचे विक्रेते फुटपाथ आमच्या दारापर्यंत भरून टाकतात.

फाटकाबाहेरची आमची गल्ली बघायला मात्र कुणी येत नाही. टायपिंगवाले गेले, त्यांच्या जागी झेरॉक्सवाले आले. खानावळीच्या बायका, वसतिगृहांचे धोबी, खोल्या मिळवून देणारे. छकीने विषय घेतला तो हाच, विद्यापीठाच्या भिंतीला टेकून जगणारी माणसं. पहिल्या वर्षी ती माझ्यासमोर वही घेऊन बसायची. "बाबा, शेवटचा टायपिंगवाला कधी गेला? का गेला? तो आता काय करतो?" मी सांगायचो आणि ती लिहायची. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं कुणी लिहून घेत होतं.

आता विचारत नाही. सगळी माहिती मिळाली असणार.

२५ मार्च, मंगळवार

नोटीस लागल्यापासून झुंबड आहे. जो तो धावत येतो, काका आज द्या, काका परवा द्या. चिकटवायच्या सरसाचं भांडं स्टोव्हवरून उतरत नाही. अशी गर्दी बावीस वर्षांत पाहिली नाही. विझताना दिवा मोठा होतो म्हणतात ते हेच.

एका डॉक्टरांच्या मुलाच्या प्रबंधात आज वाचलं, "लहानपणी मी वडिलांच्या कामाच्या टेबलाखाली झोपायचो. वरून ठोकण्याचा आवाज येत राहिला की निर्धास्त वाटायचं. तो थांबला की जाग यायची." दुपारभर मनात घोळत राहिलं. डॉक्टरांच्या टेबलावर काय ठोकत असतील? हाडांचे डॉक्टर असतील. पण पोराने लिहिलंय फार छान. छकीही लहानपणी माझ्या टेबलाखालीच झोपायची. कागदांच्या कात्रणांवर.

संध्याकाळी तिला हे वाचून दाखवणार होतो, तर तिने जेवणाचं ताट पुढे ओढलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही ती पानं इतकी नीट का वाचता हो?"

"चांगली लिहितात म्हणून."

"चांगली असतात?"

"अगं, रडू येतं कधीकधी."

तिची पोळी हातात तशीच. तिची आई म्हणाली, "खा आता, गार होतंय." आईलेकीची नजर एकमेकींकडे गेली आणि परत ताटात आली. बायकांचं काही चालू असतं, आपण पडू नये.

२ एप्रिल, बुधवार

आज छकीचे मार्गदर्शक सर दुकानावरून जात होते. निवृत्त झाले, काठी आली हातात. मी धावत जाऊन नमस्कार केला. म्हटलं, "सर, एवढ्या महिन्यात होईल ना तिचं?"

सर जरा चाचरले. "कुणाचं?"

"आमच्या मुलीचं, सर."

"ती... अजून लिहिते का?"

"म्हणजे काय, रोज सकाळी नऊला वाचनालयात जाते, डबा घेऊन."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग काचेतल्या कव्हराकडे. नाव पूर्ण वाचलं. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "लिहू दे. लिहू दे हो." आणि पुढे गेले.

सर थकले, विसरतात आता. पण जाता जाता आशीर्वाद देऊन गेले. मी आत येऊन देवाचे आभार मानले.

११ एप्रिल, शुक्रवार

छकी म्हणते पानं एकशे ऐंशी होतील. दोनशे चाळीसची एकशे ऐंशी. माझं पुस्तक उन्हात ठेवलेल्या बर्फासारखं चाललं आहे. मी हसत म्हणालो, "अशाने नुसतं कव्हरच बांधावं लागेल." ती हसली नाही. वजन उतरलंय तिचं. रात्रंदिवस लिहीत असते. दाराखालून उजेड दिसतो, बोटांचा आवाज ऐकू येतो. इतकं लिहून पानं कमी कशी होतात ते त्या शिकलेल्यांनाच ठाऊक.

आज ज्या मुलीचा प्रबंध बांधला तिच्यासाठी मात्र जीव तुटला. तिने शेवटी लिहिलंय, "ज्यांना मी खरं सांगू शकले नाही, त्या माझ्या वडिलांची क्षमा मागते. त्यांचा विश्वास मोडण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं." बापाला न सांगण्याजोगं काय असतं? बाप काय खाऊन टाकतो? ती प्रबंध न्यायला आली तेव्हा विचारावंसं वाटलं. पण ती खिदळत होती मैत्रिणींबरोबर, फोटो काढत होती. आतलं दुःख लपवण्यात मुली फार तरबेज. संध्याकाळी तिच्यासाठी दोन मिनिटं डोळे मिटले. परमेश्वरा, तिला बापाजवळ बोलायची बुद्धी दे.

१५ एप्रिल, मंगळवार

पंधरा दिवस उरले. विचारलं. "होईल बाबा." एवढंच.

२२ एप्रिल, मंगळवार

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी एक प्रबंध मोजत होतो. त्याचा मालक एका कॉलेजात शिकवतो. पदवी मिळाली की नोकरी कायम होणार. एकशे चाळीसनंतर थेट एकशे एकोणपन्नास. आठ पानं नाहीत. पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. मग त्याला फोन केला.

"सर, मधली आठ पानं आलेली नाहीत. एकशे एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस."

"अरे बापरे. मग काढून घाला ना काका."

"मी कुठून काढू?"

"मला काय विचारता? फाइल तुमच्या घरीच आहे की. मुलीला सांगा, छापून देईल."

मी म्हणालो, तिच्याकडे तुमची फाइल कशी?

मग तो हसला. "काका, चेष्टा करता का? मी तर अजून पूर्ण वाचलासुद्धा नाही. तिनेच लिहिलाय ना. मला वाटलं तुमचा घरचाच धंदा. पोरगी लिहिते, बाप बांधतो."

मी फोन ठेवला. दुकान उघडं टाकून घरी आलो. वाचनालयात जायला हवी होती ती वेळ, पण छकी घरीच होती, संगणकापुढे. मी आठ पानांचे आकडे सांगितले. फक्त आकडे. ती उठून उभी राहिली.

"बाबा, मी सोडून अडीच वर्षं झाली," ती म्हणाली. "सर म्हणाले, टपरीवाले आणि बाइंडर हा काही प्रबंधाचा विषय होत नाही, दुसरा घे. मी घेतला नाही. नोंदणी गेली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार? रोज सकाळी तुम्ही काच पुसता. आधी माझ्या नावासमोरची पुसता, मग बाकीची."

काच पुसण्याचा आणि याचा काय संबंध, मला कळलं नाही. मी विचारलं, असे किती लिहिलेस.

"सात."

"आणि माझ्याकडे किती आले?"

"सातच्या सात. बांधायला दुसरीकडे जाऊ नका, असं मीच सांगायचे सगळ्यांना."

मी ओरडायला लागलो तेव्हा तिची आई मध्ये पडली. "अहो, हळू. मला ठाऊक होतं वर्षभर." म्हणजे घरात फक्त मीच आंधळा. सात खोटी नावं मी माझ्या हातांनी सोन्यात उठवली. देवासमोर रोज हात जोडत होतो आणि त्याच हातांनी हे करत होतो. मी छकीला म्हणालो, उद्यापासून मला बाबा म्हणू नकोस.

हे वाक्य मी बोललो. इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे नाकबूल करता येणार नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

तिने आठ पानं छापून दुकानात आणून दिली. मला वाटलं होतं, तो प्रबंध परत करावा. पण घेतलेलं काम अर्धवट टाकायचं नाही, हाही वस्तादांचाच नियम. आणि त्या माणसाची नोकरी. बांधायला बसलो. ती गेली नाही. समोरच्या स्टुलावर बसून पानं ठोकून सरळ करून देत राहिली. मी भोकं पाडली, तिने दोरा ओवला. लहानपणी शिकवलं होतं, विसरलेली नाही. दोन तास असंच चाललं. पुस्तक दाबायचा शिकंजा आवळताना तिने दांड्याला हात लावला, माझ्या हाताशेजारी. मी हात काढून घेतला.

कव्हरावर सोनेरी पन्नीने त्याचं नाव उठवताना माझ्याकडून पहिल्यांदाच एक अक्षर तिरकं गेलं. ती म्हणाली, "राहू दे. त्याला कळणार नाही."

ऋणनिर्देशाचं पान आज वाचलं नाही. मन नव्हतं. तसं या सगळ्यात तेवढंच एक पान खरं असणार. बाकी विकत घेता येतं, पण आभार कुणी दुसऱ्याकडून लिहून घेत नाही. तेवढी लाज माणसाला असतेच.

२७ एप्रिल, रविवार

छकी गेली. दुसऱ्या शहरात शिकवणीच्या पुस्तकांचं कार्यालय आहे, तिथे मजकूर तपासायचं काम. केव्हा ठरलं, कुणी ठरवलं, विचारलं नाही. तिची आई बसपर्यंत गेली. मी खिडकीपाशी उभा राहिलो. खाली फाटकासमोर सहलीची माणसं मनोऱ्याचे फोटो काढत होती. त्यांच्यातून बॅग वर धरून ती वाट काढत गेली. एकाने तिलाच थांबवून विचारलं असावं, देवमाशाचा सांगाडा कुठे, कारण तिने थांबून हात करून दाखवला. मग दिसली नाही.

वर बघेल असं वाटलं होतं. कशाला बघेल?

तिच्या आईने येताना दुकान उघडलं, काचेतलं कव्हर काढलं आणि घरी आणून कपाटात खाली ठेवलं. मला विचारलं नाही.

३० एप्रिल, बुधवार

शेवटचा दिवस. तीन वाजेपर्यंत गर्दी, मग कुणीच नाही. दुप्पट दोन चहा घेऊन आला. "बोला बाइंडर, शेवटचं कुणाचं बांधलंत?" मी म्हणालो, लक्षात नाही. खरंच नव्हतं. त्याने माझ्या तोंडाकडे पाहून पहिल्यांदाच विनोद केला नाही.

सकाळी हात जोडले होते. मागायला काही सुचलं नाही. नुसता उभा राहिलो आणि मग कामाला लागलो.

९ मे, शुक्रवार

दुप्पट म्हणाला की वाचनालयातले कागदाचे प्रबंध आता कुठल्याशा गोदामात हलवणार आहेत. मी तिच्या आईला सांगितलं, पोरीकडून ती सात नावं मागून घे. तिने फोनवर विचारून चिठ्ठीवर लिहून दिली. का मागितली, ते दोघींनीही विचारलं नाही.

चिठ्ठी वाचली. वाणसामानवाल्याची मुलगी त्यात होती. डॉक्टरांचा मुलगा होता. आणि जिच्यासाठी डोळे मिटले होते तीही होती. वाटलं, बिचाऱ्यांनी बाकी सगळं लिहून घेतलं, निदान ते एक पान तरी स्वतःचं घातलं.

बावीस वर्षांत वाचनालयात आज पहिल्यांदा गेलो. फाटकावरच्या माणसाने "बघायला आलात का? मनोरा तिकडे," असं सांगितलं. मी म्हणालो, प्रबंध बघायचेत. तळघरातल्या मदतनिसाने मला ओळखलं नाही, पण मी बाइंडर म्हटल्यावर खुर्ची दिली. भिंतीपासून भिंतीपर्यंत माझ्याच पाठी उभ्या होत्या. गडद निळ्या, तपकिरी, काळ्या. त्याने सात काढून टेबलावर मांडले. शेवटच्यावरचं अक्षर तिरकंच होतं.

हातात घेतल्याबरोबर कळलं. रेक्झिनच्या सांध्याला घडी पडली नव्हती. कापताना कडा जशा एकमेकींना धरून बसतात तशाच बसलेल्या होत्या. पुस्तक एकदा जरी नीट उघडलं तरी बाइंडरला समजतं. हे सातही माझ्या शिकंज्यातून निघाल्यापासून कुणीच उघडले नव्हते. ज्यांचे होते त्यांनी नाही, परीक्षकांनी नाही, कुणीच नाही. तिने लिहिले, मी बांधले, आणि कुलूप लागलं.

मग मी वस्तादांचा नियम मोडला. वाचायला बसलो.

पहिल्यात ऋणनिर्देशाचं पान आलं ते उलटलं; ते बांधतानाच वाचलं होतं. पुढच्या सगळ्यांत तसंच उलटलं, सातव्यातही. मला छकी हवी होती. पहिल्या प्रकरणापासून एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेलो. मोठे मोठे शब्द होते, तक्ते होते, तळटिपा होत्या. अर्थ लागत नव्हता, पण म्हटलं बापाला अर्थ कशाला हवा. एखादं वाक्य तरी ती बोलते तसं असेल. कुठेतरी ती दमली असेल, रागावली असेल, ते दिसेल. दिसलं नाही. कुणीही लिहिलं असतं असं होतं सगळं.

दुपार गेली. डोळे दुखायला लागले. सातव्याचं शेवटचं पान मिटलं तेव्हा मदतनीस किल्ल्या घेऊन जवळ येऊन उभा होता.

"काय शोधत होता काका, सापडलं का?"

मी नाही म्हणालो. त्याने सातही उचलून परत जागेवर ठेवले.